हिरव्या शिपायाची चार सेकंदं

दिनकर इंगवले यांच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला एक सिनेमा बघावा लागे. सगळा नव्हे, चारच सेकंदं. पण त्या चार सेकंदांच्या आधी अर्धा तास प्रस्तावना आणि नंतर तासभर शंकासमाधान असल्यामुळे चहाचं पुढे जेवणच व्हायचं.

सिनेमाचं नाव 'तळ क्रमांक नऊ'. १९८८ साली कोल्हापुरात निघालेला, शुक्रावर घडणारा मराठी सिनेमा. शुक्र म्हणून शहराबाहेरची दगडाची खाण वापरली होती आणि अंतराळयान म्हणून साखर कारखान्यानं मोडीत काढलेली मळीची टाकी. सिनेमा एक आठवडा चालला आणि उतरला. तीस-पस्तीस वर्षांनी तो कुणा पोरांच्या हाती लागला. आधी ती पोटभर हसली, मग दुसऱ्यांदा बघितला, तिसऱ्यांदा बघितला, आणि हसता हसता त्याच्या प्रेमातच पडली. त्या सिनेमात शत्रूचे हिरवे शिपाई होते. हिरव्या रेक्झिनचे पोशाख, डोक्यावर डोळ्यांपुरत्या फटीचं हेल्मेट. त्यातला एक शिपाई शिडीवर चढतो, गोळी लागून पडतो आणि खलास होतो. तो शिपाई म्हणजे दिनकर इंगवले. तेव्हा वय अठरा. आता एकाहत्तर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, आणि गल्लीत अजूनही 'शुक्रावरचे बापू'.

"आता बघा," बापू पाहुण्याच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणत. "चढायच्या आधी डावा हात कमरेला जातोय का न्हाई? ते पट्ट्यावरचं बटण हाय. प्राणवायूचं. आमच्या दिग्दर्शकांनी मला म्हटलं, दिनकर, तुझ्या मनानं काहीतरी कर. मी केलं."

शेजारच्या खुर्चीत बसलेली त्यांची थोरली बहीण शालन मान डोलवायची. "व्हय की. लई झकास केलंय."

बापूंची मुलगी शर्वरी हे ऐकतच मोठी झाली, आणि त्याचा परिणाम तिच्या डोक्यावर झालाच. उद्यमनगरातल्या एका जुन्या फौंड्रीच्या शेडमध्ये तिनं आणि तिची मैत्रीण फरीदा मुजावर हिनं 'दुय्यम' नावाची कंपनी काढली. विज्ञानपटांतल्या बिननावाच्या पात्रांच्या वीतभर उंचीच्या बाहुल्या बनवायच्या, हा धंदा. नायकांच्या बाहुल्या करायला मोठ्या कंपन्या होत्याच. शर्वरी करायची ते यानाचं दार उघडणारा, राक्षसाला बघून ओरडणारी, मागं उभा राहून कळ दाबणारा. अशा बाहुल्यांचे हौशी संग्राहक नागपूरपासून नैरोबीपर्यंत पसरलेले होते, आणि वेड्या माणसांचा असतो तसा त्यांचाही एक शिस्तशीर कायदा होता. खोक्यावर नावाच्या जागी सेकंदं छापायची. पडद्यावर जितकी सेकंदं कमी, तितकी बाहुली मानाची.

आणि दुय्यमच्या बाहुल्या चालायच्या. खरी गोम तिथेच होती.

ओळखीचं माणूस जिना चढू लागलं की आपण आत बसून पावलांवरून ओळखतो. कारण प्रत्येकाची चाल वेगळी. मांडीचं हाड किती लांब, वजन कुठं जास्त, कुठला सांधा आखडलेला, लहानपणी कडेवर भावंड घेतलं होतं की डोक्यावर घागर, हे सगळं एका पावलात उमटतं. २०३०च्या सुमारास संगणकांना हे वाचता येऊ लागलं. पडद्यावरचं एखादं पाऊल मिळालं तरी त्यावरून त्या शरीराचं गणित मांडता येई, आणि लाखो माणसांच्या हालचालींशी ताडून ते शरीर इतर वेळी कसं वागेल, कसं बसेल, कसं वाकेल, याचा अंदाज बांधता येई. या गणिताला चालबीज म्हणत. बाहुलीच्या अंगात वीज लागताच आखडणारे केसाएवढे तंतू भरायचे, डोक्यात चालबीज घालायचं, की चार सेकंदांचं पात्र टेबलावर आपल्या मनानं वावरू लागे.

साहजिकच भांडणं झाली. माझी चाल विकायचा तुम्हाला काय अधिकार, असं म्हणत माणसं कोर्टात गेली आणि चालहक्काचा कायदा आला. ज्याची चाल, त्याची सही. आणि ती त्याचीच हे ठरवायला चालपट्टी, म्हणजे जमिनीवर अंथरायची दोन मीटर लांब सतरंजीसारखी पट्टी. माणसानं तिच्यावरून चालायचं. वय, आजार, शस्त्रक्रिया यांची वजावट करून पट्टी आकडा सांगे. नव्वदच्या वर आला तर चाल तुमची. संग्राहकांनी त्याचाही सोहळा केला होता. नव्या बाहुलीच्या प्रकाशनाला मूळ माणूस आणि त्याची बाहुली भर सभेत शेजारी शेजारी चालत. त्याला ते जोडचाल म्हणत.

यंदाच्या मेळाव्यात हिरव्या शिपायाची जोडचाल होणार होती. गेली दहा वर्षं जगभरचे संग्राहक त्या शिपायाच्या कमरेच्या बटणावर वाद घालत होते. बापूंनी नवा सूट शिवायला टाकला होता आणि अर्ध्या पेठेला आमंत्रण दिलं होतं.

मेळाव्याला नऊ दिवस राहिले असताना बापू सही करायला शेडवर आले. शिपायाची चाल लावलेल्या पट्टीवरून छाती काढून चालले. आकडा उमटला: अकरा.

"मशीन बिघडलंय," बापू म्हणाले.

"परत चाला, बापू. थोडं सावकाश."

परत अकरा. "दुरुस्त करून ठेवा गं पोरींनो. मी शिंप्याकडं जाऊन येतो," असं म्हणून ते गेलेसुद्धा. त्यांच्या मनाला काही शिवलं नव्हतं.

फरीदानं पट्टीत स्वतःची नोंदवलेली चाल लावली आणि ती तिच्यावरून चालली: नव्व्याण्णव. तिनं बापूंच्या लग्नाची जुनी चित्रफीत काढली आणि त्यातल्या नवरदेवाची चाल आजच्या बापूंशी ताडून बघितली: चौऱ्याण्णव. पट्टी ठणठणीत होती. फरीदानं तिच्यात पुन्हा शिपायाची चाल लावली.

"मग सिनेमातला तो कोण?" शर्वरी म्हणाली.

तेवढ्यात "डबा कुठं ठेवू गं?" असं विचारत शालनआत्या आत आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात ताकाची किटली. दोघी "आत्या, थांब, तिथून नको!" म्हणेपर्यंत ती पट्टी तुडवून टेबलापाशी पोचली होती.

आकडा उमटला: शहाण्णव.

शर्वरी आकड्याकडं बघत राहिली, मग आत्याकडं. आत्यानंही आकडा वाचला. तिनं किटली खाली ठेवली आणि स्टुलावर बसली.

"घावलं म्हणायचं तुम्हाला," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. बापूंनी शिडीवरून पाच वेळा पडून दाखवलं. पाचही वेळा ते विहिरीत सूर मारल्यासारखे हात मारत पडले. दिग्दर्शकाचं डोकं फिरलं. बाकीचे शिपाई तालमीतले पैलवान, त्यांच्या दंडात बापूंच्या मापाचा जादा पोशाख जाईना. शालन भावाचा डबा घेऊन खाणीवर आलेली. एका सहायकानं तिला टाकीमागं गाठलं. ताई, पाच मिनिटांचं काम आहे, चेहरा दिसणार नाही.

"मला हौस. साडी वर खोचली, वरनं ती इजार चढवली, हेल्मेट घातलं. एकदाच पडले आणि झालं. गुमान डबा देऊन घरी आले."

"आणि ते बटण?" फरीदानं विचारलं.

"कसलं बटण? काम करायच्या आधी बाई पदर खोचतीया का न्हाई? हात गेला सवयीनं. पदर कुठला तिथं!"

फरीदा तोंडावर हात दाबून हसली. दहा वर्षं सात देशांतले लोक पदर खोचण्यावर प्रबंध लिहीत होते.

"पण आत्या, तू बोलली का नाहीस?"

"म्हैन्यावर लग्न आलतं माझं. इजार घालून शिडीवर चढले म्हणून कळलं असतं तर आईनं तंगडं मोडलं असतं. म्हटलं सिनेमा आल्यावर दिनूला सांगू. तर थेटरात ते बेणं खुर्चीवर उभं ऱ्हायलं. 'आक्का, बघ, मी! मी!' त्याला खरंच वाटलं गं, आपल्याच पाचातला एक घेतलाय म्हणून. मी म्हटलं, व्हय की रे, तूच." आत्यानं नाक ओढलं. "आता त्याला सांगू नगंस. माझी शपथ हाय. आणि सही मी करणार न्हाई."

शर्वरीची चांगलीच पंचाईत झाली. आत्याच्या सहीशिवाय शिपाई निघत नव्हता. बापूंच्या सहीनं काढला तर तो गुन्हा, आणि जोडचालीत तीनशे माणसांसमोर अकराचा आकडा येऊन बापूंचं हसं. रद्द केला तर का, ते सांगायला हवं. तिनं फरीदाला एकदा हळूच विचारून बघितलं, की तो आकडा जरा इकडचा तिकडं...

"आकडा करीन गं मी," फरीदा म्हणाली. "पण सगळ्यांसमोर ते बाहुलं पदर खोचतंय, त्याचं काय करू?"

आपण हे विचारलंच कसं, याची शर्वरीला लाज वाटली. खरं ते सांगायचंच असं ठरवून ती तीनदा घरी गेली. पहिल्यांदा बापू सूट घालून आरशासमोर उभे होते. दुसऱ्यांदा भाषण पाठ करत होते. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "तुझी आई असती तर काय म्हणाली असती गं?" शर्वरी पाणी पिऊन परत आली.

पाचव्या दिवशी सकाळी बापू न सांगता शेडवर हजर झाले. शर्वरी फोनवर होती. त्यांनी फळीवरचा हिरवा शिपाई उचलून टेबलावर शिडीजवळ उभा केला आणि कळ दाबली. शिपाई शिडी चढला, पडला. बापूंनी खूश होऊन टाळी वाजवली.

शिपाई उठला. टेबलावर कापलेल्या तंतूंचा कचरा पडला होता. शिपायानं तो बघितला, डावा हात कमरेला नेला, काहीतरी घट्ट खोचलं, उकिडवा बसला आणि तळहाताच्या कडेनं कचरा पुढं लोटत, डावीकडून उजवीकडं, एका जागी गोळा करू लागला.

बापू हसले. मग हसायचे थांबले. खुर्ची ओढून, हनुवटी टेबलावर टेकवून ते त्या शिपायाकडं बघत राहिले. शर्वरी फोन ठेवून धावत आली, पण उशीर झाला होता.

"ही आमची आक्का हाय," बापू म्हणाले.

शर्वरीनं सगळं सांगितलं. सांगताना तिला रडू फुटलं. बापूंनी शिपायाची कळ बंद केली.

"त्रेपन्न वर्सं," शेवटी ते म्हणाले. "लोकांस्नी हाताला धरून बसवून दावलं. आणि ही शेजारी बसून माना हलवत हुती. येडा केला मला."

"तुमचा आनंद जाऊ नये म्हणून, बापू."

"पाच टेक दिले मी. मग म्हणाले, दिनकर, तू शिडी धर खाली. वर कुणाला तरी चढवलं, हेल्मेटातनं काय दिसतंय! मला वाटलं, रीळ उरलंय म्हणून घेत्यात आणखी एक." ते उठले. "तिनं केलं तर तिचं नाव घाला. माझी ना न्हाई. पर मग मी कुठं हाय त्यात? त्या सगळ्या सिनेमात मी कुठं हाय, एवढं सांग मला."

बापू घरी गेले. सूट कपाटात गेला. आत्यानं पाठवलेला डबा त्यांनी न उघडता परत केला. असं उभ्या जन्मात झालं नव्हतं. आत्याचे फोन त्यांनी घेतले नाहीत, तेव्हा ती शर्वरीकडं रडली. "त्या मुडद्या सिनेमापायी माझा भाऊ गेला गं."

शर्वरीला मेळाव्याची फिकीर उरली नव्हती. तिला बापूंच्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. तिनं बापूंची चाल संगणकाला दिली आणि पूर्ण सिनेमा धुंडाळायला लावला. हिरव्या शिपायांच्या साडेतीनशे हालचाली तपासून संगणकानं सांगितलं की हा माणूस या सिनेमात नाही. बापू असलेली सगळी दृश्यं कापाकापीत गेली असणार.

"पण ते शिडी धरून उभे होते," शर्वरी म्हणाली. "शिडी तर आहे ना त्या दृश्यात?"

फरीदानं ती चार सेकंदं पुन्हा लावली. शिडी होती, पण पडद्याच्या खालच्या कडेला तिसऱ्या पायरीवरच तुटत होती. खाली कोण होतं ते दिसत नव्हतं. फरीदा त्या कडेकडं बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "अगं, ही कड कॅमेऱ्याची नाहीच! ही थेटरातली आहे!"

तिनं समजावून सांगितलं. त्या काळी कॅमेऱ्यात चित्र जवळजवळ चौकोनी उमटायचं आणि थेटरातला पडदा आडवा रुंद असायचा. मग दाखवताना यंत्रासमोर पत्र्याची खाच बसवून वरची आणि खालची पट्टी झाकून टाकत. लोकांनी आजवर बघितलं ते झाकलेलं चित्र. मूळ निगेटिव्हवर ती खालची पट्टी जशीच्या तशी असणार. निगेटिव्ह कुठं आहे ते शोधायला एक दिवस गेला, एका संग्रहालयातून त्या चार सेकंदांचं पूर्ण चित्र मिळवायला दुसरा. ते आलं तेव्हा दोघींनी ते एकदा बघितलं आणि एकमेकींना मिठी मारली. मग फरीदा तंतू भरायला बसली आणि शर्वरीनं दोन फोन केले. दोघांनाही तिनं खोटंच सांगितलं, की दुसरं कुणी येणार नाही.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी बापू आणि शालनआत्या शेडच्या दारात समोरासमोर आले. बापू माघारी वळले, पण फरीदानं दार लावून घेतलं होतं.

"भांडायचं असेल तर नंतर भांडा," शर्वरी म्हणाली. "आधी बघा."

दोघं एका बाकाच्या दोन टोकांना बसली. भिंतीवर 'तळ क्रमांक नऊ'ची ती चार सेकंदं सुरू झाली. नेहमीचीच शिडी, पण चित्र खाली लांबलं होतं आणि खाली आणखी एक हिरवा शिपाई उभा होता, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून. कधीच कुणी न बघितलेला. वरचा शिपाई कमरेला हात लावून चढला. गोळी लागली. तो पडू लागला. पडणारा दगडांवर आपटू नये म्हणून दिग्दर्शकानं खाली नुसती एक गादी टाकली होती, पण ती बरीच बाजूला होती. खालच्या शिपायानं मान वर केली. शिडी सोडली. एक लांब पाऊल टाकून तो पुढं झाला आणि त्यानं वरच्याला दोन्ही हातांत झेललं. दोघं कोलमडले. चित्र संपलं.

"त्र्याण्णव," शर्वरी म्हणाली. "त्या एका पावलावरून. ते तुम्ही आहात, बापू."

फरीदानं टेबलावरची दुसरी बाहुली शिडीपाशी उभी केली आणि दोन्ही कळा दाबल्या. छोटा शिपाई चढला, पडला, आणि दुसऱ्यानं शिडी सोडून त्याला झेललं. फरीदानं शिडी उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. वरचा तिथं चढून पडला, तर खालचा शिपाई तिकडं तोंड फिरवून धावला आणि त्यानं पुन्हा झेललं. तिसऱ्यांदा तिनं त्याला पाठमोरा उभा केला. तो आधी वळला, मग धावला.

"हे पडद्यावर किती सेकंद हाय म्हणायचं?" आत्यानं डोळे पुसत विचारलं.

"शून्य," फरीदा म्हणाली. "काल नुसती बातमी फोडली तर नैरोबीच्या एका संग्राहकानं विमानाचं तिकीट काढलं. शून्य सेकंदाचं पात्र आजवर कुणाकडं नाही."

एरवी बापूंनी यावर पाऊण तास घेतला असता. पण त्यांनी ऐकलंच नव्हतं. ते बाकावरून सरकत सरकत बहिणीजवळ आले होते.

"कुणीतरी येडं अंगावर आलं, एवढंच कळलं हुतं मला," ते म्हणाले. "दिग्दर्शकानं आईबापावरनं शिव्या घातल्या, शिडी सोडली म्हणून." मग त्यांनी विचारलं, "लागलं हुतं का गं आक्का, तवा?"

शालनआत्यानं त्यांच्याकडं बघितलं. एकाहत्तर वर्षांच्या भावाचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तुझं कोपर बसलं हुतं बरगडीत. लग्नात धड वाकताबी येत न्हवतं मला," ती म्हणाली. "पर भुईला न्हाई टेकले रे, दिनू."